जुन्या कॉम्प्युटरसाठी चिप प्रोग्रॅमर घेताय? आधी चिपच्या पाठीवरचा नंबर वाचा

शाळेच्या भंगारातून वाचवलेला, माळ्यावर सापडलेला किंवा कुणा काकांनी "तुला असल्याची आवड आहे ना, घेऊन जा" म्हणत गळ्यात मारलेला ऐंशीच्या दशकातला होम कॉम्प्युटर तुमच्या टेबलावर आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, पण पडद्यावर काही नाही. कुणीतरी सांगितलंय, "रॉम गेली असेल, नवी बर्न करून घे." (रॉम म्हणजे कॉम्प्युटरच्या कायमच्या सूचना साठवलेली चिप, बर्न करणं म्हणजे चिपवर त्या लिहिणं.) तुम्ही ऑनलाइन शोधलंत आणि दोनशे रुपयांच्या इवल्याशा काळ्या पट्टीपासून डोळे पांढरे होतील अशा किमतीपर्यंत शंभर प्रोग्रॅमर, म्हणजे अशा चिपा वाचायची-लिहायची यंत्रं, समोर आले.

मी ती काळी पट्टी घेतली होती. ती तिच्या कामाला उत्तम आहे, पण माझं काम ते नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी आधी चिप पाहायची असते आणि मग प्रोग्रॅमर, हे मला ते पार्सल उघडल्यावर कळलं.

या लेखात उदाहरण बीबीसी मायक्रोचं घेतो. आपल्याकडे हे यंत्र १९८४-८५ पासून सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये आलं आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'युनिकॉर्न' या नावाने बनलंही. तुमच्याकडे स्पेक्ट्रम किंवा कमोडोर ६४ असेल तरी पायऱ्या त्याच. जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

रॉमच गेलीय का, ते बघा

प्रोग्रॅमरवर पैसे घालण्याआधी मल्टिमीटर काढा. बोर्डावर ५ व्होल्ट येतात का? ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा असेल तर आधी पॉवर सप्लाय. बीबीसीच्या सप्लायमधले मेन्सचे फिल्टर कपॅसिटर वयानुसार तडकतात आणि एक दिवस खोलीभर धूर करतात. ते बदलल्याशिवाय यंत्र तासन्‌तास चालू ठेवू नका. आणि सप्लाय उघडायची सवय नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

बीबीसी मायक्रो धडधाकट असेल तर चालू करताच आधी एक लांब, खालच्या सुरातला आवाज येतो आणि मग एक छोटा, वरचा. हा दुसरा 'टिप' ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्याची खूण. तो न येता पहिलाच सूर शाळा सुटल्याच्या भोंग्यासारखा चालू राहिला, तर प्रोसेसरला बहुधा रॉममधून सूचना मिळत नाहीयेत. आवाजाची चिप वीज मिळाल्यावर आपली आपण गात सुटते आणि तिला गप्प करायला ऑपरेटिंग सिस्टिमच लागते.

तरीही लगेच रॉमवर खापर फोडू नका. यंत्र बंद करा, वायर काढा आणि सॉकेटमधली चिप थोडी वर उचलून पुन्हा दाबून बसवा. चाळीस वर्षांत चिपचे पाय काळे पडतात आणि सॉकेटला नीट चिकटत नाहीत. बरेचदा एवढ्यानेच काम होतं. स्पेक्ट्रममध्ये तर संशय आधी ४११६ या रॅम चिपांवर घ्यायचा. त्या तीन वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालतात आणि रॉमपेक्षा जास्त मरतात.

चिप काढा आणि नंबर वाचा

चपटा स्क्रूड्रायव्हर एका टोकाखाली घालून केसभर उचला, मग दुसऱ्या टोकाखाली. असं आलटून पालटून. एकाच बाजूने उचकटलंत तर शेवटचे पाय वाकतात. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती कोणत्या दिशेला होती याचा मोबाइलवर फोटो काढा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांनी उलटी बसवलेली चिप मी पाहिली आहे. बोट ठेवलं तर चटका बसतो इतकी तापते.

आता नंबर. पाठीवर दोन-तीन ओळी असतात आणि नवा माणूस इथेच फसतो. '८४२७' असं काही दिसलं तर तो चिपचा प्रकार नाही, ती जन्मतारीख आहे: १९८४ चा २७ वा आठवडा. आपल्याला हवा तो २७ ने सुरू होणारा आकडा; तो ईप्रॉमचा, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉमचा. कंपनीप्रमाणे त्याच्या आधी अक्षरांची टोपी किंवा नंतर शेपूट असते. हिटाचीने एचएन४८२७१२८ लिहिलं, मित्सुबिशीने एम५एल२७१२८. दोन्हींच्या पोटात २७१२८ च आहे.

या आकड्यातून क्षमता कळते. २७ पुढचा आकडा किलोबिटमध्ये असतो, त्याला ८ ने भागा. २७६४ म्हणजे ८ किलोबाइट, २७१२८ म्हणजे १६, २७२५६ म्हणजे ३२, २७५१२ म्हणजे ६४. पायही मोजा: २७१६ आणि २७३२ ला २४, तर २७६४ पासून २७५१२ पर्यंत २८.

२७ चा आकडाच नसेल आणि चिपवर काचेची खिडकीही नसेल, तर ती बहुधा कारखान्यातच लिहून आलेली मास्क रॉम आहे. ती पुसता येत नाही की पुन्हा लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. बीबीसीची ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम, म्हणजे बोर्डावरची आयसी ५१, बहुतेक वेळा अशीच असते. तिच्या जागी २७१२८ बसते.

कमोडोर ६४ वाल्यांनी इथे थांबून दोन घोट चहा घ्यावा. त्यातल्या बेसिक आणि कर्नलच्या रॉम २३६४ जातीच्या: ८ किलोबाइटच्या, पण पाय २४ च. तेवढीच माहिती साठवणाऱ्या २७६४ ला पाय २८, त्यामुळे ती त्या सॉकेटात बसतच नाही. आणि २४ पाय बघून प्रोग्रॅमरमध्ये '२७३२' निवडून वाचायला गेलात तर कचरा मिळेल, कारण पत्त्याच्या रेषा, म्हणजे कुठला बाइट हवा ते चिपला सांगणारे पाय, वेगळ्या जागी आहेत. यासाठी बोटभर आकाराचा अडॅप्टर बोर्ड मिळतो. तो प्रोग्रॅमरबरोबरच मागवा.

खरा प्रश्न व्होल्टेजचा

ईप्रॉम वाचायला ५ व्होल्ट पुरतात. लिहायला मात्र जास्त दाब लागतो, कारण प्रत्येक बिटमध्ये एका इन्सुलेटरने वेढलेल्या बेटावर इलेक्ट्रॉन ढकलून बसवायचे असतात. हा दाब चिपनुसार बदलतो, आणि प्रोग्रॅमर स्वस्त की महाग हे मुख्यतः यावरच ठरतं.

२७१६ आणि साधी २७३२ यांना २५ व्होल्ट लागतात. २७३२ए ला २१. साधी २७६४ आणि २७१२८ यांना बहुधा २१, तर त्यांच्या 'ए' बहिणींना १२.५. २७२५६ पासून पुढे सहसा १२.५. नंबरमध्ये 'सी' असेल, म्हणजे २७सी२५६ वगैरे, तर १२.५ ते १३ च्या घरात. 'सहसा' आणि 'बहुधा' मी मुद्दाम लिहितोय. काही कंपन्यांच्या सुरुवातीच्या 'सी' चिपांनाही २१ लागतात, म्हणून पूर्ण नंबर टाकून डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडाच. त्यातला 'व्हीपीपी' हा आकडा तुमचा.

शेवटचं ते एक अक्षर किती महाग पडतं पाहा. मी एकदा २७३२ए ला यादीतली साधी २७३२ निवडून २५ व्होल्ट दिले. आवाज नाही, धूर नाही. चिप त्यानंतर कुठल्याही पत्त्यावर एकच उत्तर द्यायला लागली.

२७०८ दिसली तर तिला बाजूला ठेवा. तिला चालायलाच तीन व्होल्टेज लागतात आणि आजचे बहुतेक प्रोग्रॅमर तिला हात लावत नाहीत. नवशिक्याचं ते काम नव्हे.

पण तुमच्या बोर्डावर २१ किंवा २५ व्होल्टची चिप आहे म्हणून तुम्हाला तेवढे व्होल्ट देणारा प्रोग्रॅमर लागेलच असं नाही. जुनी चिप वाचायला ५ व्होल्टच लागतात. वाचून घ्या, आणि लिहा नव्या जातीच्या चिपवर. कॉम्प्युटरला १६ किलोबाइट योग्य पायांवर मिळाले की झालं, ते कोणत्या सालच्या सिलिकॉनमधून येतात याची त्याला फिकीर नसते. २५ व्होल्ट खरोखर लागतात ते ज्याला मूळच्याच प्रकारची चिप हवी त्याला, किंवा ज्याच्याकडे २७१६ चा डबा भरलेला आहे त्याला.

मग कोणता घ्यावा?

एक्सजीक्यू (XGecu) कंपनीचा टी४८. तो २५ व्होल्टपर्यंत देतो, यूएसबीवर चालतो आणि ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक चिपा तपासूनही देतो. जुना बोर्ड दुरुस्त करताना ही शेवटची सोय रॉम लिहिण्याइतकीच उपयोगी पडते. खिशाला झेपत असेल तर पुढच्या परिच्छेदातलं फक्त शेवटचं, सॉफ्टवेअरचं, तेवढं वाचा.

झेपत नसेल, किंवा ओळखीत कुणी जुना विकत असेल, तर त्याच घराण्यातला टीएल८६६ टू प्लस (TL866II Plus). हा १८ व्होल्टपर्यंतच जातो. १२.५ व्होल्टच्या सगळ्या चिपा त्याच्यावर होतात, २१ वाल्या नाहीत. "१८ वर मारल्या तरी चालतात" असं सांगणारे भेटतील. आज चालतात, पुढे बिट गळायला लागू शकतात. त्याच्या आधीचे टीएल८६६ए आणि सीएस २१ पर्यंत द्यायचे. आता ते बनत नाहीत आणि नकला पुष्कळ आहेत, तेव्हा माणूस ओळखीचा असेल तरच घ्या. विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर 'मिनीप्रो' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे.

ती काळी पट्टी म्हणजे सीएच३४१ए. ती २४ आणि २५ मालिकेच्या आठ पायांच्या सीरियल चिपांसाठी आहे. आजच्या लॅपटॉपची बायोस अशा चिपेत असते. आपल्या २८ पायांच्या चिपेशी तिचा काही संबंध नाही. फोटोत सॉकेट मोठं दिसतं, त्याला भुलू नका.

घरात आर्डुइनो (प्रयोगांसाठीचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) पडून असेल तर २८सी२५६ सारख्या ५ व्होल्टच्या ईईप्रॉम, म्हणजे विजेनेच पुसता येणाऱ्या चिपा, त्याने लिहिता येतात, आणि शिकायला तो रस्ता सुंदर आहे. पण त्यात एक खड्डा आहे. २८सी२५६ ला १ नंबरच्या पायावर ए१४ ही पत्त्याची रेषा आणि २७ वर लिहिण्याचा सिग्नल असतो. २७सी२५६ मध्ये ए१४ असते २७ वर. दिसायला जुळ्या, पण एकीच्या जागी दुसरी सरळ बसत नाही. समांतर (पॅरलल, जुन्या प्रिंटरच्या) पोर्टाचा विलेम प्रोग्रॅमर कुणी फुकट देत असेल तर तुमच्याकडे खरा समांतर पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप आहे का ते बघा. यूएसबीला प्रिंटर जोडायची वायर त्याला चालत नाही.

कोरी चिप कुठली?

खिडकीवाली ईप्रॉम पुसायला अतिनील दिवा लागतो, २५३.७ नॅनोमीटरचा. चिप इंचभर अंतरावर ठेवली की १५ ते २० मिनिटं. नखं वाळवायच्या दिव्याने होत नाही, त्याची तरंगलांबी जास्त असते. घरच्या यूव्ही वॉटर प्युरिफायरची नळी नेमकी याच तरंगलांबीची, म्हणून ती काढून जुगाड करायचा मोह होतो. उघड्या नळीकडे काही क्षण पाहिलंत तरी डोळ्यांत रात्रभर वाळू टोचते. करायचंच असेल तर झाकण उघडताच दिवा बंद होईल असा पूर्ण बंद डबा करा, नाहीतर तयार इरेझर घ्या. गच्चीवरच्या उन्हातही चिप पुसली जाते, साधारण आठवडाभर सलग थेट ऊन मिळालं तर. जुलैत पुण्यात करून बघू नका.

म्हणून नवशिक्यांना मी विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ सुचवतो. पाय २७५१२ सारखेच, पण पुसायला दिवा नको. प्रोग्रॅमर १४ व्होल्ट देऊन एका झटक्यात पुसतो आणि १२ वर लिहितो. टीएल८६६ टू प्लसलाही हे जमतं. ती आता नव्याने बनत नाही, त्यामुळे मिळतात त्या जुन्या बोर्डांवरून काढून, घासूनपुसून चमकवलेल्या. मी दहा मागवल्या, त्यातल्या तीन पुसल्याच गेल्या नाहीत. लागतात त्याच्या दुप्पट मागवा.

वेगाचा आकडा वाचताना जरा जपून. जुन्या २७६४ वर '-४५' असेल तर अर्थ ४५० नॅनोसेकंद, डब्ल्यू२७सी५१२ वर तेच '-४५' म्हणजे ४५. मूळच्यापेक्षा वेगवान चिप चालते, संथ नाही.

पुण्यात काय मिळतं

प्रोग्रॅमर बहुतेकांना ऑनलाइनच मागवावा लागतो. पण बाकीचं सामान, म्हणजे २८ पायांचं सॉकेट, आयसी उचकटायचा चिमटा, सोल्डर, चिप स्थिर विजेपासून जपणारा काळा फोम, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत शोधा. काउंटरवर 'रॉम' म्हणालात तर मेमरी कार्ड पुढे येतं, 'ईप्रॉम' म्हणा. एका दुकानातल्या आजोबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, "किती वर्षांनी कुणी मागितलं हे," म्हणत पोटमाळ्यावरून प्लॅस्टिकची नळी काढली आणि आत सात २७सी२५६ निघाल्या. किंमत सांगताना त्यांनाच हसू येत होतं.

सॉकेट गोल भोकांचं घ्या, पत्र्याच्या पात्यांचं नको.

सरावाला चिपा हव्यात तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुने मदरबोर्ड, टेलिफोन एक्स्चेंजची कार्डं, कुठल्यातरी कारखान्याच्या मशीनचे बोर्ड वजनावर पडलेले असतात. चिपवर चांदीचा किंवा काळा स्टिकर दिसला की त्याखाली बहुधा खिडकी असते. सोल्डर केलेल्या नकोत, सॉकेटवाल्या बघा. अशा चिपेवर पहिले दहा प्रयोग करा. काकांच्या कॉम्प्युटरची मूळ रॉम ही सरावाची जागा नाही.

पहिला दिवस: फक्त वाचायचं

प्रोग्रॅमर लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. सॉकेट रिकामं ठेवून सॉफ्टवेअरमधली स्वतःची तपासणी चालवा. मग यादीतून कंपनी आणि पूर्ण नंबर निवडा. चिप कशी बसवायची याचं चित्र पडद्यावर येतं, खाच त्याप्रमाणे करा आणि प्रोग्रॅमरच्या सॉकेटची दांडी खाली पाडा.

जुनी ईप्रॉम किंवा मास्क रॉम असेल तर 'आयडी तपासा' ही खूण काढून टाका. ओळख विचारताना प्रोग्रॅमर ए९ या पायावर १२ व्होल्टच्या आसपास दाब देतो. नव्या चिपांना ते कळतं, म्हाताऱ्यांना सोसेलच असं नाही.

आता वाचा, फाइल जपा. चिप काढून परत बसवा, पुन्हा वाचा. दोन्ही वेळची सीआरसी बेरीज, म्हणजे सगळ्या माहितीवरून सॉफ्टवेअर काढतं तो पडताळणीचा आकडा, जुळली पाहिजे. जुळली नाही तर पायांवरचा काळा थर शाळेतल्या खोडरबरने हलक्या हाताने घासा आणि परत वाचा. सगळीकडे एफएफ (म्हणजे सगळे बिट १) आलं तर चिप कोरी आहे, किंवा नीट बसलेली नाही, किंवा गेलेली आहे. दोन्ही वेळा सारखीच बेरीज आली आणि ती तुमच्या यंत्राच्या त्याच आवृत्तीच्या चांगल्या रॉमशी जुळली, तर तुमची रॉम ठणठणीत आहे. दोष दुसरीकडे शोधा. रॉम निर्दोष सुटली हेही प्रोग्रॅमरचंच काम.

दुसरा दिवस: लिहायचं

बीबीसीला हवे १६ किलोबाइट, डब्ल्यू२७सी५१२ मध्ये जागा ६४. उरलेली जागा रिकामी ठेवलीत तर घोळ होतो. २७१२८ च्या सॉकेटात १ आणि २७ नंबरच्या पायांवर जो दाब असतो, तो ही मोठी चिप ए१५ आणि ए१४ म्हणून वाचते आणि त्याप्रमाणे आपला एक चतुर्थांश भाग पुढे करते. कोणता भाग याचा हिशोब करत बसायचं नसेल तर १६ किलोबाइटची फाइल एकापाठोपाठ चारदा जोडून ६४ ची करा. मग तिने कुठलाही तुकडा दाखवला तरी आत तेच आहे.

क्रम असा: पुसा, कोरी आहे का तपासा, लिहा, पडताळा. 'कोरी तपासा'ला नकार आला तर पुन्हा एकदा पुसा. दोनदा पुसूनही तेच, तर ती चिप कचऱ्यात. तिच्याशी संध्याकाळभर झटापट करू नका, मी केलीय. खिडकीवाली ईप्रॉम लिहिली असेल तर खिडकीवर अपारदर्शक स्टिकर चिकटवा आणि त्यावर पेन्सिलीने काय लिहिलंय ते आणि तारीख. मूळ रॉम काळ्या फोममध्ये टोचून, यंत्राच्या नावाची चिठ्ठी लावून डब्यात. फेकायची नाही, ती 'मेलेली' असली तरी.

चिप सॉकेटात घालण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे पाय टेबलावर हलकेच दाबून सरळ करा. कोऱ्या चिपांचे पाय किंचित बाहेर फाकलेले असतात. खाच फोटोतल्या दिशेला आहे ना ते पाहा, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या आणि चालू करा. बीबीसी असेल तर लांब सूर, मग टिप.

टिप आलं नाही तर लगेच बंद करा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून चिपच्या बाजूने बघा आणि पाय मोजा. २८ ऐवजी २७ दिसले तर एक पाय आत दुमडून चिपच्या पोटाखाली गेलाय. बारीक पक्कडीने तो एकदाच सरळ करता येतो, दुसऱ्या वेळी तुटतो.